थंड हवेत केळ लावायची, तर आधी खोड राखावे

थंड हवामानाच्या परसबागेत केळ लावण्याचा विषय निघाला की बहुतेकांची चौकशी पानांपासून सुरू होते. हिवाळ्यात पाने टिकतील का, ती काळी पडली तर केळ गेली असे समजायचे का, त्यांना कशाने झाकायचे, असे प्रश्न मला वारंवार विचारले जातात. थंड हवेत बरीच वर्षे केळी सांभाळल्यानंतर माझे मत असे झाले आहे की पानांची काळजी सर्वांत शेवटी करावी. पाने जातात आणि पुन्हा येतात. जपायचे असते ते खोड, आणि त्या खोडाच्या पोटात दडलेला वाढीचा कोंब. हे एकदा नीट ध्यानात आले की कोणती जात घ्यावी, ती कुठे लावावी, पाणी केव्हा कमी करावे आणि हिवाळ्यात किती खटाटोप करावा, हे ठरवणे पुष्कळ सोपे जाते.

त्यासाठी केळीची रचना थोडी बारकाईने पाहायला हवी. केळीत लाकूड कुठेही तयार होत नाही. वनस्पतिशास्त्र तिला झाड न मानता प्रचंड वाढलेली शाकीय वनस्पती मानते. आपल्याला दिसणारे खोड म्हणजे पानांची देठाकडची आवरणे, म्हणजेच सोपटे, एकावर एक घट्ट गुंडाळली जाऊन तयार झालेला गठ्ठा असतो. तिचे खरे खोड म्हणजे जमिनीखालचा कंद. वाढीचा कोंब या कंदाच्या माथ्यावर, साधारणपणे जमिनीच्या पातळीलगत असतो आणि तिथूनच प्रत्येक नवे पान पोंग्याच्या, म्हणजे घट्ट गुंडाळलेल्या सुरळीच्या, रूपात सोपटांच्या मधून वर सरकत येते. जातीनुसार आणि हवामानानुसार साधारण 30 ते 45 पाने देऊन झाली की हाच कोंब पाने देणे थांबवतो, त्याचा फुलोरा बनतो आणि तो खोडाच्या मध्यातून वर चढू लागतो. खोडाच्या शेंड्यातून तो बाहेर पडला की केळ निसवली असे आपण म्हणतो. त्यानंतर त्या खोडाला नवे पान येत नाही. घड पक्व झाला की ते खोड संपते आणि पुढची वाढ मुनव्यांकडून, म्हणजे कंदाच्या बाजूने फुटणाऱ्या पिल्लांकडून, होते.

केळ कधी निसवणार हे मुख्यतः तिने किती पाने दिली यावर ठरते, आणि पाने किती वेगाने येतील हे उष्णतेवर ठरते. 26 ते 30 अंश सेल्सिअस हे तिचे आवडते तापमान. त्या उबेत आणि भरपूर पाण्यावर तिला साधारण आठवड्याला एक पान येते. तापमान 16 अंशांच्या खाली गेले की हा वेग फार मंदावतो आणि 10 अंशांच्या आसपास वाढ जवळजवळ थांबते. ज्या प्रदेशात खरी ऊब वर्षातून चार-पाच महिनेच मिळते, तिथे एका हंगामात पंधरा-वीस पाने आली तरी हंगाम चांगला गेला असे समजावे. म्हणजे उष्ण प्रदेशात जी केळ वर्षभरात किंवा थोड्या अधिक काळात घड देते, तिला थंड हवेत निसवण्यापर्यंत पोहोचायलाच दोन किंवा तीन उन्हाळे लागतात. मधल्या प्रत्येक हिवाळ्यात तोच कोंब जिवंत राहिला, तर पानांची संख्या मागील अंकावरून पुढे जाते. तो मेला, तर कंदाच्या बाजूने नवा मुनवा फुटतो आणि त्याची मोजणी पहिल्या पानापासून सुरू होते. दर हिवाळ्यात जमिनीपर्यंत मरणारी आणि दर उन्हाळ्यात पुन्हा फुटणारी केळ वर्षानुवर्षे जिवंत राहूनही निसवत का नाही, याचे कारण बहुधा हेच असते.

या सगळ्याआधी केळ पानांसाठी हवी आहे की फळांसाठी, हे मात्र स्वतःशी स्पष्ट करून घ्यावे. दोन्ही इच्छा रास्त आहेत, पण त्यांच्या वाटा अगदी सुरुवातीलाच वेगळ्या होतात. केवळ पानांच्या भव्यतेसाठी केळ हवी असेल तर मुसा बास्जू या जातीला पर्याय नाही असे मी म्हणेन. ती मूळची दक्षिण चीनमधली असून जपानमध्ये शतकानुशतके लावली जाते, म्हणून तिला जपानी केळ असेही म्हणतात. तिचा कंद जमिनीवर जाड आच्छादन असेल तर उणे 15 अंशांच्या आसपासची थंडीही सोसू शकतो. इतकी काटक दुसरी केळ परसबागांमध्ये क्वचितच आढळते. तिची फळे मात्र बियांनी भरलेली आणि खाण्याच्या दृष्टीने निरुपयोगी असतात. काही ठिकाणी ती नुसतीच ‘थंडी सोसणारी केळ’ म्हणून विकली जाते आणि घेणारा घडाची स्वप्ने पाहत राहतो. विकणाऱ्याने हे आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. पूर्व हिमालयातील मुसा सिक्कीमेन्सिस ही दुसरी देखणी जात. तिच्या कोवळ्या पानांवर तांबूस छटा असते, ती बियांपासूनही वाढवता येते, पण बास्जूइतकी थंडी तिला झेपत नाही. तांबड्या पानांची एन्सेट ही केळीची जवळची नातलग पुष्कळांना आवडते; ती मूळची आफ्रिकेतली, थंडीला फार हळवी आणि सहसा मुनवे न देणारी असल्यामुळे हिवाळ्यात ती उचलून आत ठेवण्याची तयारी असेल तरच घ्यावी.

खाण्याच्या केळ्यांचा विचार करताना त्यांच्या वंशाची थोडी माहिती कामी येते. आपण खातो त्या बहुतेक केळी मुसा अ‍ॅक्युमिनाटा आणि मुसा बाल्बिसियाना या दोन रानटी जातींपासून आलेल्या आहेत. पहिलीचा वाटा ‘ए’ या अक्षराने आणि दुसरीचा ‘बी’ या अक्षराने दाखवण्याची पद्धत आहे. ज्या जातीत ‘बी’चा वाटा असतो, ती सहसा थंडी आणि पाण्याची ओढ अधिक सोसते. म्हणूनच ओरिनोको, नामवा आणि ब्लू जावा यांसारख्या ‘एबीबी’ गटातील जाती, तसेच ‘एएबी’ गटातील बुटकी राजापुरी, थंड हवेतल्या हौशी बागकाम करणाऱ्यांच्या विशेष पसंतीच्या आहेत. कॅव्हेंडिश गट मात्र निव्वळ ‘एएए’ आहे. त्यातल्या बसराईचा, म्हणजेच ड्वार्फ कॅव्हेंडिशचा, मोठा गुण तिची कमी उंची हा आहे. उघड्यावर थंडीत ती लवकर हार मानते. पण दोन-अडीच मीटरच्या आत निसवत असल्यामुळे कुंडीत आणि हरितगृहात तीच सर्वांत सोयीची ठरते.

याच कॅव्हेंडिशचा इतिहास थंड हवेत केळ लावणाऱ्याला उभारी देणारा आहे. इंग्लंडमधील चॅट्सवर्थ येथे ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांच्या बागेचे प्रमुख असलेल्या जोसेफ पॅक्स्टन यांनी मॉरिशसहून आलेल्या वाणाचे एक रोप मिळवून ते काचेच्या उबदार घरात वाढवले. 1835 च्या नोव्हेंबरमध्ये ते निसवले आणि पुढच्या वर्षी त्याला फळे आली. ड्यूकच्या घराण्याचे कॅव्हेंडिश हे नाव त्या केळीला मिळाले, तिची रोपे पुढे मिशनऱ्यांबरोबर पॅसिफिक महासागरातील बेटांपर्यंत गेली आणि आज जगाच्या व्यापारात जी केळी फिरतात ती बहुतेक याच गटातील आहेत. आइसलँडमध्येही विसाव्या शतकाच्या मध्यापासून जमिनीच्या पोटातील उष्णतेवर तापवलेल्या हरितगृहांत केळी पिकवली जात आहेत. कमी सूर्यप्रकाशामुळे तिथे घड तयार व्हायला उष्ण प्रदेशाच्या मानाने पुष्कळ अधिक काळ लागतो, पण तो तयार होतो.

जागेची निवड हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण नंतर कितीही कष्ट घेतले तरी चुकीच्या जागेची भरपाई होत नाही. दिवसभर ऊन घेणारी दगडी किंवा विटांची भिंत पाठीशी असावी. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेली. अशी भिंत दिवसा उष्णता साठवते आणि रात्री हळूहळू सोडते, आणि तेवढ्या दोन-तीन अंशांच्या फरकाने खोड वाचते किंवा जाते. थंड हवा जड असल्यामुळे ती उतारावरून वाहत जाऊन सखल भागात साचते, म्हणून बागेतला सर्वांत खोलगट कोपरा कितीही आडोशाचा दिसला तरी टाळावा. निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री जमिनीची उष्णता सरळ आकाशाकडे निघून जाते आणि दव गोठते; अशा वेळी डोक्यावर छपराची वळचण किंवा सदाहरित झाडाची फांदी असेल तर उष्णतेचे हे निसटणे बरेच कमी होते. वाऱ्याने पाने फाटतात त्याची मात्र फार चिंता करू नये. केळीचे पान शिरांच्या रेषेत फाटण्यासारखेच घडलेले असते आणि थोड्या चिरफळ्यांनी तिचे फारसे बिघडत नाही. पण सतत झोंबणारा थंड वारा वाढ खुंटवतो, तेव्हा त्या बाजूला दाट कुंपण असलेले बरे.

माती भुसभुशीत, सेंद्रिय पदार्थांनी समृद्ध आणि पाण्याचा निचरा होणारी हवी. यातला निचरा हा शब्द थंड प्रदेशात अधोरेखित करून वाचावा. हिवाळ्यात केळी मरतात त्यांतल्या अनेक निव्वळ थंडीने मरत नाहीत. थंड आणि ओल्या मातीत कंद कुजल्यामुळे मरतात. कंदाला कोरडी थंडी बरीच सोसते, ओली थंडी सोसत नाही. माती चिकण असेल तर सरळ उंच गादीवाफा करून त्यावर केळ लावावी. असा वाफा वसंतात लवकर तापतो हा त्याचा आणखी एक लाभ.

आच्छादनाच्या बाबतीत एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. हिवाळ्यात कंदाला ऊब देणारा पेंढ्याचा जाड थर वसंतात मात्र मातीला तापू देत नाही. बाहेर ऊन पडलेले असते, हवा सुखद झालेली असते आणि कंद अजून थंड मातीत निजलेला असतो. म्हणून कडाक्याची थंडी संपली की आच्छादन बाजूला करावे, माती उघडी पाडून तिला ऊन खाऊ द्यावे, शक्य असेल तर काही आठवडे तिच्यावर काळे प्लॅस्टिक अंथरावे, आणि माती चांगली तापल्यावर ओल टिकवण्यासाठी तेच आच्छादन परत घालावे. ज्या प्रदेशात उबदार दिवसच मोजके, तिथे अशा रीतीने मिळवलेले दोन-तीन आठवडे म्हणजे दोन-तीन पाने असतात.

खतपाण्याविषयी थोडक्यात सांगतो. केळ खादाड आहे आणि तिला नत्र (नायट्रोजन) व पालाश (पोटॅश) भरपूर लागतात. ऊब असेपर्यंत दर पंधरवड्याला खत आणि गरम दिवसांत रोज भरपूर पाणी द्यावे. लाकडाच्या राखेत पालाश असते, पण ती मातीचा सामू (पीएच) वाढवते, म्हणून ती जपून वापरावी. उन्हाळा ओसरू लागला की खत, विशेषतः नत्र, पूर्ण थांबवावे, कारण उशिरा फुटलेली लुसलुशीत वाढ थंडीत सर्वांत आधी जाते. पाणीही तेव्हापासून कमी करत न्यावे.

आता हिवाळ्याकडे येतो. शून्य अंशाला पाने काळवंडतात. त्याने घाबरण्याचे कारण नाही. उणे 2 ते उणे 3 अंशांची थंडी तासन्तास राहिली तर खाण्याच्या केळ्यांचे उघडे खोडही वरून मरू लागते. खोड जितके जाड, तितका मधला भाग अधिक काळ सुरक्षित राहतो, म्हणूनच उन्हाळ्यात बुंधा पोसणे हीदेखील हिवाळ्याचीच तयारी असते. पहिल्या हलक्या थंडीने पाने काळवंडली की मी ती देठापाशी कापतो आणि खोड पूर्ण उंचीचे ठेवतो. या कामाला जुने कपडे घालावेत, कारण केळीच्या चिकाचे डाग निघत नाहीत. मग खोडाभोवती सर्व बाजूंनी वीतभर अंतर ठेवून तारेच्या जाळीचा पिंजरा उभा करायचा आणि त्यात कोरडा पेंढा किंवा कोरडा पालापाचोळा दाबून भरायचा. वरून पाणी आत जाणार नाही असे टोपण घालायचे, पण बाजूंनी प्लॅस्टिक गुंडाळायचे नाही. बाजूंनी हवा खेळली पाहिजे. चारी बाजूंनी बंद केलेल्या खोडाला आतल्या आत घाम येतो, पेंढा भिजतो आणि थंडीने जे केले नसते ते बुरशी करते. बाजूंना गोणपाट किंवा पिकांवर घालतात ते पांढरे नॉन-वोव्हन कापड पुरते. पेंढ्यात उंदीर घर करतात आणि कधी कधी खोड कुरतडतात, म्हणून जाळी बारीक छिद्रांची घ्यावी आणि ती थोडी जमिनीत गाडावी.

किती उंचीपर्यंत खोड राखावे, याचे उत्तर त्याच्या वयावर अवलंबून आहे. पहिल्या हिवाळ्यात वाढीचा कोंब अगदी जमिनीलगत असतो. तेव्हा खालचे दोन-तीन फूट खोड नीट झाकले आणि बुंध्याशी फूटभर आच्छादन केले, तर वरचा भाग मेला तरी तोच कोंब वसंतात पुन्हा पान देतो आणि पानांची मोजणी तुटत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या हिवाळ्यात गोष्ट बदलते. तोवर पुष्कळ पाने देऊन झालेली असतात आणि फुलोरा खोडाच्या आत निर्माण होऊन वर चढू लागलेला असू शकतो. बाहेरून ते मुळीच कळत नाही. अशा वेळी ‘खोड अर्धे कापले तरी फुटते’ या पहिल्या वर्षाच्या अनुभवावर विसंबून कोयता चालवला, तर दोन उन्हाळ्यांचा घड त्या एका घावाने जातो. म्हणून वयात आलेले खोड शेंड्यापर्यंत झाकावे, ते जमत नसेल तर निदान कापू तरी नये.

वसंतात पिंजरा एकदम काढून टाकू नये. आधी टोपण, मग वरचा पेंढा, असे टप्प्याटप्प्याने करावे आणि उशिरा येणाऱ्या थंड रात्रींसाठी कापड हाताशी ठेवावे. खोडाचा शेंडा मऊ पडून कुजलेला असेल तर धारदार सुरीने वरून एकेक चकती कापत खाली यावे आणि पांढरा, घट्ट, रसाळ गाभा दिसला की थांबावे. गाभा जिवंत असेल तर हवा उबदार असताना काही दिवसांतच मधला पोंगा बाहेरच्या सोपटांना मागे टाकून वर आलेला दिसतो. केळीच्या बागेत याहून आनंदाचा क्षण मला तरी ठाऊक नाही.

ज्यांना एवढा खटाटोप नको किंवा ज्यांची थंडी याहून तीव्र आहे, त्यांच्यासाठी कंदासकट केळ उचलून ठेवण्याचा मार्ग आहे. पाने कापावीत, कंद मातीतून सोडवावा, सोपटांमधले पाणी निथळण्यासाठी खोड काही दिवस उलटे ठेवावे आणि मग ते अंधाऱ्या, कोरड्या, 5 ते 10 अंशांच्या जागेत ठेवावे. बास्जू, ओरिनोको आणि एन्सेट हे चांगले सोसतात. कॅव्हेंडिश गटाची केळ मात्र अशी झोपवून ठेवण्याऐवजी कुंडीत वाढवून उजेडात आणलेली बरी.

कुंडी मोठी हवी, शक्यतो 50 लिटरच्या आसपासची, कारण लहान कुंडीत केळ वर्षानुवर्षे जगते पण निसवत नाही. घरात आणल्यावर तिला सर्वांत उजळ खिडकी आणि 12 अंशांहून अधिक तापमान मिळावे. या काळात वाढ मंद असते, म्हणून वरची माती दोन-तीन बोटे कोरडी झाल्याशिवाय पाणी देऊ नये. घरातल्या कोरड्या हवेत लाल कोळी ही बारीक कीड फार वेगाने वाढते. पानांच्या खालच्या बाजूस बारीक फिकट ठिपके आणि तलम जाळी दिसली की समजावे. दर आठवड्याला ओल्या फडक्याने पाने दोन्ही बाजूंनी पुसणे हा त्यावर मला सर्वांत खात्रीचा वाटणारा उपाय आहे, आणि त्यानेच पिठ्या ढेकूण ही दुसरी कीडही आटोक्यात राहते. ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरने प्रयोगशाळेत तयार केलेली) रोपे आणली असतील तर पहिला हिवाळा त्यांना आतच काढू द्यावा. हाताच्या अंगठ्याएवढ्या खोडाकडून बाहेरच्या थंडीची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. या रोपांचा एक मोठा फायदा म्हणजे ती मातीतून येणाऱ्या रोगांपासून मुक्त असतात. पनामा मर या बुरशीजन्य रोगाने विसाव्या शतकात ग्रो मिशेल ही जात जागतिक व्यापारातून जवळपास हद्दपार केली आणि त्याच रोगाचा नवा प्रकार आज कॅव्हेंडिशच्या बागा नष्ट करत आहे. म्हणून कुणाच्याही बागेतले मातीसकट मुनवे दूरच्या प्रदेशातून आणण्याचा मोह हौशी माणसानेही आवरलाच पाहिजे.

मुनव्यांबाबतचे धोरणही पाने की फळे यावरच ठरते. पानांसाठी केळ असेल तर बेट खुशाल वाढू द्यावे. दाट बेटातली खोडे एकमेकांना आडोसा देतात आणि मधली खोडे हिवाळ्यात अधिक तगतात. फळांसाठी मात्र एक मातृखोड आणि एकच मुनवा ठेवून बाकीचे काढावेत. मुनवा निवडताना तलवारीच्या पात्यासारख्या अरुंद पानांचा, बुंध्याशी रुंद असलेला घ्यावा. रुंद पानांचे नाजूक मुनवे आधी मोठे दिसतात, पण त्यांची कंदाशी जोडणी कमकुवत असते आणि ते सहसा चांगला घड देत नाहीत.

घड केव्हा बाहेर पडतो यावर त्याचे नशीब ठरते. उन्हाळ्याच्या आरंभी निसवलेल्या केळीला ऊब भरपूर मिळते. हिवाळ्यात आतल्या आत घडलेला फुलोरा मात्र बऱ्याचदा विकृत असतो. ऑस्ट्रेलियातील थंडी पडणाऱ्या केळी-पट्ट्यात अशा कुरूप घडांना ‘नोव्हेंबर डंप’ असे नाव आहे, कारण तिथे ते वसंताच्या शेवटी, नोव्हेंबरच्या सुमारास बाहेर पडतात. थंडीत पाने आखूड होऊन एकाच ठिकाणी दाटतात आणि त्या दाटीत घड अडकतो, कधी खोडाच्या कडेने फाडून बाहेर येतो. निसवताना खोडावर निदान आठ-दहा निरोगी पाने असावीत, कारण पुढे नवे पान येणार नसते आणि घडाला पोसायचे काम त्यांनाच करायचे असते.

फळधारणेसाठी परागीभवनाची गरज नसते, त्यामुळे बंद हरितगृहात मधमाशी नाही म्हणून काळजी करू नये. शेवटची चांगली फणी उघडली की तिच्याखालचे केळफूल कापून टाकावे. थंड हवेत मी याच्याही पुढे जाऊन खालच्या एक-दोन फण्या काढतो. मोजक्या फण्या भरणे हे साऱ्या फण्या अर्ध्या राहण्यापेक्षा केव्हाही चांगले. घडावर स्कर्टिंग बॅग, म्हणजे घड झाकण्याची पिशवी, चढवली तर आत थोडी अधिक ऊब राहते आणि वाऱ्याने साल खरचटत नाही. घड जड होतो, खोड आतून पोकळ नसले तरी पाण्याने भरलेले आणि ठिसूळ असते, म्हणून दांड्याच्या बाजूने भक्कम टेकू द्यावा. उष्ण प्रदेशात निसवणीपासून काढणीपर्यंत तीन-चार महिने लागतात. थंड हवेत सहा महिने किंवा त्याहूनही अधिक धरून चालावे.

या लांबलेल्या काळात हिवाळा पुन्हा दाराशी येतो आणि घड अजून हिरवा असतो. अशा वेळी फळाकडे नीट पाहावे. कोवळ्या केळ्याच्या कडा टोकदार असतात आणि ते भरत जाईल तशा त्या बोथट होतात. तीन-चतुर्थांश भरलेले केळे घरात पिकते आणि चवीलाही चांगले लागते. म्हणून दव गोठण्याची पहिली चिन्हे दिसताच असा घड उतरवून 18 ते 20 अंशांच्या खोलीत टांगावा, आणि पिकवायच्या फणीजवळ एखादे पिकलेले सफरचंद ठेवावे; त्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने ती लवकर पिकते. कडा अजून अगदी धारदार असतील तर घड उतरवून उपयोग नाही. तेव्हा हरितगृहात किंवा जाड कापडाच्या आडोशाने घडासह पाने वाचवण्याचा प्रयत्न करावा, कारण पाने गेल्यावर त्या घडात पुढे काही भरत नाही. उतरवलेली केळी 13 अंशांखाली ठेवू नयेत. साल करड्या रंगाची होते आणि फळ नीट पिकत नाही.

घड उतरवल्यावर मातृखोड लगेच बुडापासून तोडण्याची घाई करू नये. त्याच्या सोपटांत आणि कंदात पुष्कळ पाणी व अन्न साठलेले असते आणि ते काही आठवडे शेजारच्या मुनव्याला मिळत राहते. मी ते कमरेइतके उंच ठेवून वरचा भाग तुकडे करून कंपोस्टमध्ये घालतो आणि उरलेला बुंधा आपोआप सुकल्यावरच काढतो. हिवाळा जवळ असेल तर हाच बुंधा मुनव्याचा वाऱ्याकडचा आडोसा होतो, आणि दोघांना एकाच जाळीच्या पिंजऱ्यात घेऊन पेंढा भरता येतो.